खेड्यातल्या मांजरासाठी हार्नेस : कोणता घ्यावा आणि सवय कशी लावावी?

निंबोणी (प्रश्न)

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात कळंब तालुक्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. घरी दीड वर्षाची कबरी भाटी आहे, तिचे नाव चिंगी. तिच्या आधी आमच्याकडे एक बोका होता. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात तो घरामागच्या पऱ्हाटीत गेला. त्या सकाळीच तिथे फवारणी झाली होती. दुपारी तो ओसरीवर येऊन पडला तेव्हा तोंडातून लाळ गळत होती आणि चारही पाय थरथरत होते. तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचण्याआधी माझ्या मांडीवरच त्याने प्राण सोडला. ज्यांचे वावर आहे त्यांचा यात काहीच दोष नाही. त्यांना पीक वाचवायचे असते, आणि मांजर माझे होते.

म्हणून चिंगीला आम्ही पहिल्या दिवसापासून घरातच ठेवले आहे. तिची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आहे आणि लसीही दिल्या आहेत. मात्र पहाटे पाच वाजता सांदवाडीकडच्या, म्हणजे परसदारच्या, खिडकीत बसून ती जे ओरडते, ते ऐकवत नाही. तिला मातीत लोळायचे असते, निंबावरच्या चिमण्यांकडे जवळून पाहायचे असते. रोज अर्धा तास तरी तिला सुरक्षितपणे बाहेर नेता यावे म्हणून मी ऑनलाइन साडेतीनशे रुपयांचा एक हार्नेस, म्हणजे दोरी लावण्यासाठी अंगाला घालायचा पट्टा, मागवला. माप न घेता, 'मांजरासाठी' असे लिहिलेले पाहून घेतला, ही माझी चूक झाली. घातल्याबरोबर चिंगी एका अंगावर कोसळली आणि मेल्यासारखी पडून राहिली. पंधरा मिनिटांनी उठली, पोट जमिनीला टेकवून उलट्या पावली मागे सरकली आणि बघता बघता पट्ट्यातून निघून कपाटाखाली गेली. रिकामा पट्टा माझ्या हातात राहिला. हेच अंगणात झाले असते तर काय, या विचाराने मी तो पुन्हा घातलेला नाही.

माझे प्रश्न असे आहेत. आपल्या देशी मांजराला कोणत्या प्रकारचा हार्नेस नीट बसतो? तो किती घट्ट असावा? सवय लागायला किती दिवस धरावेत? आता चैत्र सुरू आहे, पुढे वैशाखातल्या उन्हात हे करावे की पावसाळ्यापर्यंत थांबावे? सासूबाईंचे म्हणणे आहे की शेळीला बांधतो तशी लांब दोरीने तिला निंबाला बांधून ठेवावी, म्हणजे माझा स्वयंपाक होईपर्यंत ती मोकळ्या हवेत बसेल. हे चालेल का?

जुना पर्यवेक्षक

ताई, नमस्कार. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी बहुतेक नोकरी वर्धा जिल्ह्यात झाली. सगळा काळ गाई, बैल आणि शेळ्यांत गेला, पण घरी मांजरे कायम होती आणि निवृत्तीनंतर दोन मांजरांना मी स्वतः हार्नेसची सवय लावली आहे. आपल्या बोक्याचे वाचून वाईट वाटले.

चिंगी निसटली कशी, हे आधी समजून घ्यावे, कारण निवड त्यावरच ठरते. माणसाची हासळी एका टोकाला छातीच्या हाडाशी आणि दुसऱ्या टोकाला खांद्याशी जोडलेली असते. मांजराची हासळी काडीएवढी बारीक असते आणि कोणत्याही हाडाला पक्की जोडलेली नसते. ती स्नायूंमध्येच असते. त्यामुळे त्याचे खांदे एकमेकांजवळ येऊ शकतात आणि जिथून डोके जाते तिथून उरलेले अंगही बहुधा निघते. आपण समोर उभे राहून दोरी धरली आणि मांजर मागे रेटू लागले, की पट्टा पाठीवरून मानेकडे सरकतो, मांजर कोपर आत घेऊन एकेक पाय सोडवते आणि पट्टा डोक्यावरून निघून येतो. बाजारातला कोणताही हार्नेस यातून शंभर टक्के सुटका देत नाही, हे मनात धरूनच पुढे जावे. बाहेर असताना मांजर मागे रेटू लागले तर दोरी ताणू नका. दोन पावले त्याच्याकडे जा, दोरी सैल करा आणि त्याच्या मागच्या बाजूला येऊन खाली बसा. मागून धरलेल्या दोरीतून त्याला उलटे निघता येत नाही.

आता माप. शिंप्याची टेप मांजरासमोर हलवली की ते तिच्याशी खेळू लागते, म्हणून साधा सुती दोरा घ्यावा. ती खाण्यात गुंतलेली असताना एक माप मानेच्या बुडाशी घ्या आणि दुसरे पुढच्या पायांच्या मागे, काखेपासून दोन बोटे सोडून, छातीभोवती घ्या. केस दाबले जातील इतपत दोरा जवळ आणावा, आवळू नये. मग तो पट्टीवर मोजावा. विक्रेत्याने दिलेल्या किमान आणि कमाल मापांच्या साधारण मध्ये आपले माप आले पाहिजे. अगदी शेवटच्या छिद्रावर बसणारा पट्टा घेतला तर केस गळण्याच्या दिवसांत किंवा वजन थोडे कमी झाले तरी तो सैल पडतो. घातल्यावर पट्टा आणि अंग यांच्यामध्ये एक बोट सहज जावे आणि दुसरे जरा अडून जावे. हे ती उभी असताना तपासा आणि बसल्यावर पुन्हा तपासा, कारण घाबरलेले मांजर अंग फुगवते आणि शांत झाल्यावर तोच पट्टा ढिला होतो.

प्रकारांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मानेभोवती एक आणि छातीभोवती एक असे दोन पट्टे, आणि त्यांना पाठीवर व छातीखाली जोडणारी पट्टी, हा साधा प्रकार आपल्या भागाला सर्वांत योग्य आहे. अंग उघडे राहते, दोन्ही पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करता येतात आणि धुऊन लगेच वाळतो. दुसरा प्रकार जाकिटासारखा असतो. तो जास्त अंग धरतो, म्हणून त्यातून निसटणे अवघड जाते आणि ताण एका जागी येत नाही. मात्र नुसत्या चिकटपट्टीवर बंद होणारे जाकीट खेड्यात घेऊ नये. बांधावरून एकदा फिरून आले की त्या चिकटपट्टीत कुसळे आणि केस भरतात. महिनाभरात ती वरून बंद दिसते, पण धरत काहीच नाही. चिकटपट्टीबरोबर प्लास्टिकचे बकलही असेल तर कार्तिक ते माघ या थंडीच्या दिवसांत जाकीट चालेल. तिसरा प्रकार एकाच दोरीचा, ओढल्यावर आवळला जाणारा असतो. तो मी कोणालाही सुचवत नाही. नुसत्या गळपट्ट्याला दोरी लावणे तर पूर्णपणे टाळावे, कारण मांजर उडी मारते तेव्हा सगळा झटका गळ्यावर येतो. तालुक्याच्या दुकानात कुत्र्याच्या पिलांचे हार्नेस मिळतात. त्यांची छाती रुंद धरलेली असते, त्यामुळे मांजराच्या अरुंद खांद्यांवर ते बसत नाहीत.

दोरी दीड ते दोन मीटर लांब, हलकी आणि लहान कडीची घ्या. शेळीच्या दाव्याची जाड कडी लावली तर चालताना ती पाठीवर आदळत राहते आणि मांजर त्या आवाजालाच भिते. बटण दाबून गुंडाळली जाणारी दोरी नको. ती हातातून सुटली तर तिची प्लास्टिकची डबी खडखडत मांजराच्या मागे येते, आणि आपला पाठलाग होतो आहे असे समजून ते थेट पळत सुटते.

बांधून ठेवण्याबद्दल इतर कोणी सविस्तर लिहितीलच. माझे उत्तर 'मुळीच नाही' असे आहे.

धांडा आणि पीस

निंबोणीताई, बांधून ठेवण्याविषयी मीच लिहिते, कारण ते माझ्या घरी घडले आहे. आम्ही धामणगाव रेल्वेजवळ राहतो. आमच्या लालीला हार्नेसची छान सवय झाली होती, म्हणून एकदा पाहुणे आले असताना मी तिला छपरीच्या खांबाला आठ फूट दोरीने बांधले आणि चहा ठेवायला आत गेले. शेजारच्या टिनावरून एक बोका गुरगुरला. लाली कुंपणाच्या भिंतीवर चढली आणि पलीकडे उडी मारली. दोरी भिंतीपलीकडच्या जमिनीपर्यंत पुरेल इतकी लांब नव्हती. मी धावत गेले तेव्हा ती पट्ट्यात लटकत होती आणि पुढचे पाय हवेत मारत होती. हार्नेस छातीचा होता म्हणून ती वाचली. गळपट्टा असता तर मी आज हे वेगळे लिहिले असते. शेळी खाली चरते, तिला झाडावर किंवा भिंतीवर जायचे नसते. मांजर घाबरले की वरच जाते. शिवाय गावातली कुत्री आली तर बांधलेल्या मांजराला ना पळता येते, ना चढता येते. आपल्या हातात दोरी नसेल तेव्हा मांजराच्या अंगावर हार्नेससुद्धा ठेवू नये. घरात खाटेच्या खिळ्याला किंवा खिडकीच्या कडीलाही तो अडकतो.

आता सवय लावण्याविषयी लिहिते. चिंगी कोसळून पडली, तो हट्ट नव्हता. अंगाला सगळीकडून काहीतरी धरते आहे असे वाटले की मांजर थिजते. शिकाऱ्याने पकडल्यावर निश्चल राहावे तसे ते असते. अशा वेळी तिला उचलून उभे करणे किंवा दोरीने ओढणे यातून ती एवढेच शिकते की ही वस्तू वाईट आहे. वासराला म्होरकी घातली आणि हळूहळू ओढ दिली तर ते चार दिवसांत ओढीमागे चालू लागते. मांजर मात्र ओढीच्या उलट दिशेला जोर लावते, आणि कितीही दिवस ओढले तरी हे बदलत नाही. आपण तिच्यामागे चालायचे असते.

मी असे केले. पहिले चार दिवस हार्नेस फक्त लालीच्या जेवणाच्या ताटलीजवळ पडून होता. त्याआधी तो तिच्या गोधडीत गुंडाळून ठेवला होता, म्हणजे नव्या प्लास्टिकचा वास जाऊन तिचा स्वतःचा वास त्याला लागला. बकलाचा 'टक' आवाज तिला दचकवत होता, म्हणून ती जेवत असताना मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून ते बकल मुठीत धरून उघडायचे आणि लावायचे. दोन दिवसांनी तिने मान वर करणेही सोडले. त्यानंतर तीन दिवस हार्नेस नुसता पाठीवर ठेवला आणि उकडलेल्या कोंबडीचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे दिले. मग बकल लावले, एक तुकडा दिला आणि लगेच काढले. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटे, पुढे पाच मिनिटे. ती पडून राहू लागली तेव्हा ज्वारीच्या वाळक्या धांड्याला कोंबडीचे पीस बांधून मी ते तिच्या नाकासमोरून जमिनीवर सरपटत नेले. पहिल्या दिवशी फक्त डोळे फिरले, दुसऱ्या दिवशी पंजा पुढे आला आणि तिसऱ्या दिवशी ती हार्नेससकट पिसावर झेपावली. मांजर हार्नेस घालून खेळले आणि जेवले म्हणजे निम्मे काम झाले असे समजावे. दोरी मी त्यानंतर लावली आणि आधी घरातच तिच्यामागे लोळू दिली, नजर मात्र तिच्यावर होती.

दारातून पहिल्यांदा बाहेर पडायला मला एकूण पाच आठवडे लागले. तुमची चिंगी एकदा घाबरलेली आहे, म्हणून जुना पट्टा तिला पुन्हा दाखवू नका. नवा, वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या कापडाचा घ्या.

चिखलीचा बाप्या

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी आदराने मांडतो. खेड्यातले मांजर गुरांच्या कोठ्यात, कुटारात आणि धान्याच्या कोठीपाशी उंदीर मारत मोठे होते, त्याला दोरीला लावणे मला पटत नाही. आमच्याकडे चार वर्षांचा बोका होता. त्याला आम्ही हार्नेस घालून पाहिला आणि महिनाभर प्रयत्न केला. तो खाणे सोडून कोपऱ्यात बसू लागला, तेव्हा आम्ही तो नाद सोडला. त्याऐवजी घरामागच्या ओसरीला तिन्ही बाजूंनी आणि वरून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती बारीक लोखंडी जाळी बसवली, आत एक वाळके लाकूड उभे केले आणि दोन टोपली माती टाकली. आता बोका दिवसभर तिथे असतो आणि आम्हाला त्याच्यामागे फिरावे लागत नाही. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी हा विचार आधी करावा.

जुना पर्यवेक्षक

बाप्याभाऊंची जाळीची कल्पना उत्तम आहे आणि मोकळे वाढलेल्या मोठ्या मांजरासाठी मीही तीच सुचवीन. मात्र उंदरांविषयी एक गोष्ट सांगतो. वावरात आणि कोठ्यात उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमाडिओलोनचे आमिष ठेवतात. ते खाल्लेला उंदीर सुस्तावतो, मोकळे फिरणारे मांजर तोच आधी पकडते आणि ते विष मांजराच्या पोटात जाते. गेल्या काही वर्षांत अशी मांजरे मी स्वतः पाहिली आहेत, म्हणून निंबोणीताईंचा घरात ठेवण्याचा निर्णय मला योग्य वाटतो.

निंबोणी

सर्वांचे मनापासून आभार. दोऱ्याने माप घेतले : मान २२ सेंटीमीटर आणि छाती ३३ सेंटीमीटर. मागचा पट्टा छातीला किमान ३६ सेंटीमीटरचा होता, म्हणजे तो तिला कधीच बसणार नव्हता. आता दोन पट्ट्यांचा, २८ ते ४० सेंटीमीटर छातीचा मागवला आहे. बांधण्याचा विचार सोडला. लालीची हकीकत सासूबाईंना वाचून दाखवली तेव्हा त्यांनीच नको म्हटले. उन्हाविषयी आणि फवारणीविषयी काकांनी कृपया थोडे लिहावे. घराला लागूनच आमचा गाईचा कोठा आहे.

जुना पर्यवेक्षक

ताई, उन्हाचे आधी सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. निरोगी मांजराचे अंगच ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते आणि घाम त्याला जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना येतो. म्हणून उन्हाळ्यात सकाळी सातच्या आतच बाहेर न्यावे. दगडी फरशी किंवा सिमेंटच्या अंगणावर हाताची मागची बाजू टेकवून सात आकडे मोजा. हात ठेवता आला नाही तर तिचे पंजेही तिथे नकोत. मांजराने कुत्र्यासारखे तोंड उघडून धापा टाकणे हे थकव्याचे साधे लक्षण नसते. तेवढे दिसताच सावलीत आणा, पंजे व पोट साध्या पाण्याने ओले करा, बर्फ लावू नका आणि डॉक्टरांना फोन करा. संध्याकाळची वेळ मला पसंत नाही. दिवेलागणीनंतर मण्यार आणि घोणस बाहेर पडतात, पावसाळ्यात तर अधिकच, आणि हलणारी वस्तू दिसली की मांजर पंजा घालणारच.

कोठ्याचे फार महत्त्वाचे आहे. जनावरांच्या गोचिडांसाठी आपण सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन फवारतो, आणि कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते. ही एकाच कुळातली रसायने आहेत. गाय आणि कुत्रा ती योग्य प्रमाणात सहन करतात. मांजराच्या यकृताला ती नीट पचवून बाहेर टाकता येत नाहीत, त्यामुळे त्याला झटके येतात. कोठ्यात फवारले असेल त्या आठवड्यात चिंगीला तिकडे नेऊ नका, आणि कुत्र्याचे औषध 'थोडेसे' म्हणूनही तिला लावू नका. पऱ्हाटीवरही याच कुळातली आणि त्याशिवाय सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय विषारी औषधे पडतात. २०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. जे औषध अंगावर उडून धडधाकट माणसाला नेते, ते तीन किलोच्या मांजराने पंजे चाटून पोटात घेतले तर काय होईल, हे आपण पाहिलेच आहे. म्हणून फवारणीच्या महिन्यांत फिरणे अंगणापुरतेच ठेवा, शेजारच्या वावरात फवारा चालू असेल आणि वारा घराकडे असेल तर दारही उघडू नका, आणि रोज आत आल्यावर तिचे चारही पंजे ओल्या फडक्याने पुसून मग कोरडे करा. फरशी पुसायच्या फिनेलने पंजे पुसू नका. मांजराला तेही बाधते.

लाळ किंवा थरथर दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका आणि दूध पाजू नका. अंग सौम्य साबणाने धुवा, कोरडे करा आणि औषधाची बाटली किंवा तिचा फोटो बरोबर घेऊन निघा, कारण विष कोणत्या कुळातले आहे यावर उपचार ठरतो. तालुक्याच्या दवाखान्यात मांजरे क्वचितच येतात, पण प्राथमिक उपचार तिथेही मिळतो. पुढे नागपूरला सेमिनरी हिल्सवरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची स्नातकोत्तर संस्था आहे. नेताना हार्नेसवर भरवसा ठेवू नका. हार्नेस घालून वर चेन असलेल्या पिशवीत किंवा झाकणाच्या टोपलीत न्या.

आणि शेवटचे, तुमच्यासाठी. घाबरलेले मांजर आपल्यालाही ओरबाडते किंवा चावते. तसे झाले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मांजराची लस झालेली असली तरी डॉक्टरांना दाखवावे.

धांडा आणि पीस

काकांच्या लिखाणात एक छोटी भर. अंगणात कोंबड्या झाकायचे डालगे आडवे करून ठेवा आणि आत तिची गोधडी टाका. बाहेर काही वाजले की लपायला जागा कुठे आहे हे लालीला ठाऊक असते, म्हणून ती भिंतीकडे न पळता डालग्यात शिरते. डालगे दारापासून चार पावलांपेक्षा लांब नको.

निंबोणी

साडेपाच आठवड्यांनी लिहीत आहे. नवा हार्नेस आला तो मी आठ दिवस चिंगीच्या गोधडीतच ठेवला. धांड्याला पीस बांधण्याची युक्ती आमच्याकडे चौथ्या दिवशी लागू पडली. बंद खोलीत समोरून हळू ओढ देऊन मी तीनदा तपासले. दोनदा ती मागे सरकली आणि पट्टा खांद्यापाशी अडला, तिसऱ्यांदा मीच काकांनी सांगितल्याप्रमाणे दोरी सैल करून तिच्यामागे जाऊन बसले. काखेत केस घासले गेल्याची एक बारीक रेघ दिसली, म्हणून छातीचा पट्टा अर्ध्या बोटाने सैल केला आणि आतून जुन्या लुगड्याची मऊ पट्टी शिवली.

परवा सकाळी सव्वासहाला पहिल्यांदा सांदवाडीचे दार उघडले. ती उंबऱ्यावर सात-आठ मिनिटे नुसती बसून राहिली, मी काही बोलले नाही. मग तिने एक पंजा मातीवर ठेवला, उचलून हुंगला आणि पुन्हा ठेवला. निंबाच्या मोहोराचा खाली सडा पडला होता. त्यातले एक फूल वाऱ्याने हलले तसे तिने ते दोन्ही पंजांत धरले. शेजारच्या घरी बादली वाजली आणि ती डालग्यात शिरली, पण थोड्या वेळाने स्वतःच बाहेर आली. एकूण वीस मिनिटे झाली. आत आल्यावर सासूबाईंनी पंजे पुसले, कोंबडीचा तुकडा दिला, आणि उद्या दोरी आपल्या हातात द्यावी असे मला सांगितले. आज सकाळी ती त्यांच्याच हातात होती.